रूळ उखडलेल्या वाटेवर सायकल : डर्बीशायर, तीन दिवस, सोबत आप्पा

टपालकन्या

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते. आता लिहितेय कारण आप्पांनी फोनवर दोनदा विचारलं, "लिहिलंस का गं त्ये?"

आप्पा म्हणजे माझे वडील. वय ६९, निवृत्त पोस्टमन. तासगावकडच्या गावांचं टपाल त्यांनी सगळी नोकरी सायकलवरून वाटलं आणि निवृत्त झाल्यावर सायकलीचं तोंड पाहिलं नाही. मे महिन्यात ते आमच्याकडे डर्बीला आले. चार दिवस घरात बसून कंटाळले. पाचव्या दिवशी म्हणाले, "तुमच्या हितं सायकलवाला मरत कसा न्हाई?" आमच्या घरासमोरच्या गोल चौकाकडे बघून पडलेला तो प्रश्न रास्त होता. म्हटलं, चला, जिथे मोटारच येत नाही अशा रस्त्यावर नेते.

डर्बीच्या उत्तरेला पीक डिस्ट्रिक्ट आहे. ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ चं. आपल्याकडच्या अभयारण्यासारखं कुंपण वगैरे नाही. आत गावं, शेतं, मेंढ्या सगळं नांदतं. चुनखडीच्या टेकड्या लाटांसारख्या एकामागे एक, आणि त्यांच्यावर दगडाचे गडगे. तिथल्या जुन्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून सायकलवाटा केल्या आहेत. आम्ही तीन वाटा तीन दिवसांत थोड्या थोड्या केल्या : टिसिंग्टन ट्रेल (१३ मैल), मॉन्सल ट्रेल (साडेआठ मैल) आणि हाय पीक ट्रेलचा (१७ मैल) वरचा तुकडा.

पहिला दिवस ॲशबोर्नहून. वाटेच्या तोंडाशीच सायकली भाड्याने मिळतात. दुकानातल्या पोराने आप्पांची सायकल पुढे केली, तर आप्पांनी आधी दोन्ही चाकं अंगठ्याने दाबली, मागचं चाक उचलून गरागरा फिरवलं, कान लावून ऐकलं, ब्रेकचे रबर नखाने खरवडून पाहिले. पोरगा बघत राहिला. मग गिअर समजावून सांगायला लागला. आप्पा मला म्हणाले, "येवढं कशाला? येकच द्या म्हणावं, पण बरा द्या."

निघाल्यावर लगेच एक खोल उतार आणि तेवढाच चढ आहे. तिथला रेल्वेचा पूल पाडून टाकलाय म्हणून. तेवढं अंतर आम्ही उतरून ढकललं. त्यानंतर मात्र अजब प्रकार सुरू झाला. रस्ता सपाट दिसतो. दोन्हीकडे डोंगर वरखाली होतात, आपण तसेच सरळ. कधी भरावावरून, खाली गाई. कधी दगडात कापलेल्या खिंडीतून, दोन्ही बाजूंना ओल्या भिंती आणि नेचे. अर्ध्या तासाने आप्पा थांबले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चढ पायाला लागतोय, पण डोळ्याला दिसंना."

तीच तर रेल्वेची करामत. इंजिनाला जेवढा चढ झेपतो तेवढाच ठेवायचा, आणि त्यासाठी वाटेत येईल ती टेकडी फोडायची, येईल तो खड्डा भरायचा. म्हणून जाणाऱ्यांना एक सल्ला : खालच्या टोकाला सुरुवात करा. ॲशबोर्नहून 'पार्स्ली हे' या वरच्या टोकापर्यंत चढच चढ आहे. परत येताना पॅडल मारायची गरज फारशी उरत नाही. उलटं केलंत तर संध्याकाळी दमल्या पायांनी चढावं लागेल.

टिसिंग्टन गावात थांबलो. योगायोगाने वेल ड्रेसिंगचे दिवस होते. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला गावातल्या विहिरी सजवतात. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून त्यात फुलांच्या पाकळ्या, बिया, शेवाळं, पानं एकेक दाबून चित्र करतात, बहुतेक बायबलमधलं. आप्पा हात मागे बांधून बराच वेळ बघत होते. "रांगोळीच की. पन उभी."

त्याच दिवशी, दुसऱ्या एका वस्तीवर, गडग्याच्या भिंतीत बसवलेली लाल टपालपेटी दिसली. आप्पा सायकल माझ्याकडे देऊन तिच्याकडे गेले. वरची राजाची अक्षरं बोटाने चाचपली, पेटीवरची टपाल काढायची वेळ मला वाचायला लावली, स्वतःच्या घड्याळात पाहिलं. मग फटीत बोटं घालून बघितली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "तोंड बारीक हाय. अंतर्देशीय जाईल, बुकपोस्ट न्हाई जायचं."

दुसऱ्या दिवशी मॉन्सल. इथे बोगदे आहेत. चार मोठे, प्रत्येकी साधारण चारशे मीटरचे, आत दिवे. २०११ पर्यंत ते बंद होते, लोक डोंगरावरून वळसा घालायचे. बाहेर ऊन आणि आत शिरताच अंगावर फ्रिज उघडल्यासारखा गारवा. वरून पाणी ठिबकतं, भिंती अजून काजळीने काळ्या. दोन बोगद्यांच्या मधे उजेडात आलं की खाली वाय नदी आणि तिच्या काठी जुन्या कापडगिरण्या, क्रेसब्रुक आणि लिटन. आता तिथे फ्लॅट आहेत. लिटन मिलमध्ये अनाथ पोरांना कामाला जुंपायचे, त्यांचे फार हाल झाले. खाली बघताना एवढं ठाऊक असलेलं बरं.

वाटेवर पांढरी बारीक खडी असते. कोरडी असेल तर झकास. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि तिचा ओला चुना झाला. घरी आलो तेव्हा माझ्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत पांढरा पट्टा. आप्पांनी हिच्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, "बघ, इंग्लंडनं पोरीला चुना लावला." (हिच्या म्हणजे माझ्याच. ते असंच बोलतात.)

खाणं : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. जुन्या स्टेशनांवर कॅफे आहेत, हॅसॉपला आणि मिलर्स डेलला. बेकवेलमध्ये तिथलं प्रसिद्ध पुडिंग खाल्लं. आप्पांचं मत : गोड कमी, अंडं जास्त.

विचारा काय विचारायचं ते.

निव्वळ वाचक

फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय वरण. टपालपेटीपाशी उभ्या आप्पांचा तरी टाका.

बँकर

वा ताई! रेल्वेचा विषय निघाला म्हणून कर्जतहून बोगद्यासारखं तोंड उघडतो.

तुमचा मॉन्सलचा मार्ग मिडलंड रेल्वेचा, मँचेस्टरहून लंडनला जाणारा, १८६३ मध्ये सुरू झालेला. आणि आमचा बोरघाट? तोही १८६३! म्हणजे आमच्या खंडाळ्याचे बोगदे आणि तुमचे मॉन्सलचे एकाच पिढीने खोदले. फरक असा की आमच्याकडे ३७ फुटांना १ फूट चढ, म्हणून अजून गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना बँकर म्हणतात (माझ्या आयडीचं रहस्य कळलं असेल).

पण खरी गंमत तुमच्या तिसऱ्या दिवसाची, आणि तीच तुम्ही दोन ओळींत उरकलीत! हाय पीक ट्रेल म्हणजे क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे. १८३१ मध्ये पूर्ण झाली. दोन कालवे जोडायचे होते, पण डोंगरमाथ्यावर कालव्याला पाणी आणणार कुठून? मग कालव्याऐवजी रेल्वे टाकली. पण डोक्यात कालवाच होता, म्हणून स्टेशनांना स्टेशन म्हणायचे नाहीत, व्हार्फ म्हणायचे. धक्काच तो! सपाटीवर घोडे वाघिणी (मालाचे डबे) ओढायचे आणि चढावर जागेवर बसवलेली वाफेची इंजिनं दोराने वर खेचायची. मिडलटन टॉपला त्यातलं १८२९ चं इंजिन जागेवर आहे. हॉप्टनचा चढ १४ ला १. तो पुढे साध्या इंजिनांनी चढायचे. १४ ला १!! आमच्या घाटाने मान खाली घालावी.

शीप पाश्चरच्या उतारावर १८८८ मध्ये वाघिणी सुटल्या आणि खालचा कालवा आणि रेल्वे दोन्ही ओलांडून पलीकडे जाऊन पडल्या. त्यानंतर सुटलेल्या वाघिणी पकडायला खड्डा केला. त्यात एक मोडकी वाघीण अजून पडून आहे. पाहिलीत का?

टपालकन्या

@बँकर, इंजिनघर पाहिलं, खड्डा नाही. त्या उताराच्या पाटीवर सायकलवरून उतरा असं लिहिलंय आणि पाऊस होता. आप्पा म्हणाले, "ब्रेकवर इस्वास हाय, चुन्यावर न्हाई." मागे फिरलो.

@निव्वळ वाचक, आप्पांचे फोटो टाकायचे नाहीत असा त्यांचाच हुकूम आहे. "पोस्टमनला सगळे वळखत्यात, तेवढं बास."

यॉर्कशायरचा पाटील

लेख छान. पण जरा वेगळं मत मांडतो, हलकेच घ्या.

या रेल्वेच्या वाटा मला आठव्या मैलाला झोप आणतात. एकच चढ, एकच वळण, दोन्हीकडे झाडी. इंग्लंडचा गावाकडचा भाग बघायचा तर गावागावांतून जाणाऱ्या बारक्या गल्ल्यांनी जा. दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, मधे गवत उगवलेला रस्ता, चर्च, पब, तळं, पुन्हा चढ. ट्रॅफिक तिथेही तासाला चार ट्रॅक्टर. रेल्वे कधीच गावात शिरत नाही, बाहेरून जाते. हार्टिंग्टनचंच घ्या : स्टेशनावर सिग्नलची केबिन जपून ठेवलीय, तिथे चहा पिऊन लोक परततात आणि खरं गाव दीड-दोन मैल खाली राहतं. तिथलं चीजचं दुकान हुकलं म्हणजे काय राहिलं? स्टिल्टन चीज कायद्याने तीनच परगण्यांत बनवता येतं, त्यातला एक डर्बीशायर.

टपालकन्या

पाटील, तुमच्या गल्ल्यांवर वेगमर्यादेची पाटी नसेल तर कायद्याने साठ मैलांनी गाडी हाकता येते. कुंपणामुळे वळणापलीकडचं दिसत नाही. तुम्ही चाळिशीचे असाल, कान शाबूत असतील. आप्पांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

आणि झोपेचं म्हणाल तर मला ती हवीच होती. मागे गाडी नाही म्हणून पहिल्यांदा आम्ही शेजारी शेजारी सायकल चालवली. लहानपणी मी त्यांच्या कॅरिअरवर बसायचे, त्यामुळे तेव्हाही फक्त पाठ दिसायची.

यॉर्कशायरचा पाटील

या मुद्द्यावर पाटलाची माघार. चीजचा मुद्दा कायम.

मिनूची आई

आम्ही लेस्टरला राहतो. सहा वर्षांची मुलगी आहे, स्वतःची छोटी सायकल चालवते, आणि धाकट्याला मागे ट्रेलरमध्ये बसवतो. मागच्या वर्षी आमच्या जवळच्या एका तथाकथित ट्रॅफिकमुक्त वाटेवर गेलो होतो, तर तोंडाशीच लोखंडी अडसर. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून इंग्रजी ए अक्षरासारखा बसवलेला. सायकल गेली, ट्रेलर अडकला. बाळाला काढलं, ट्रेलर सोडवला, आडवा करून वरून उचलला, तेवढ्यात बाळाचा बूट चिखलात. पुढे दोन मैलांवर पाटी वाटेवरून थेट मोठ्या चौकात घेऊन गेली, आणि तिथून पुढे पाटीच नाही. तुमच्या वाटेवर असं काही आहे का?

टपालकन्या

मॉन्सलला बिनधास्त या. रुंद आहे, मधे रस्ते आडवे येत नाहीत, सगळे वरून किंवा खालून जातात. भाड्याला टँडेम, तीनचाकी, ट्रेलर सगळं मिळतं. ऐन सुट्टीत मात्र आधी सांगून ठेवा. दोन वेळा अंगावर कपडे कमीजास्त करायची तयारी ठेवा, बोगद्यात मुलं कुडकुडतात. आणि प्रत्येक बोगद्यात ओरडून प्रतिध्वनी ऐकायचाच असा मिनूचा हट्ट असेल तर साडेआठ मैलांना दिवस जाईल.

टिसिंग्टनला शेतकऱ्यांची काही फाटकं आहेत. उघडलं तर मागे वळून लावायचं. नाहीतर मेंढ्या वाटेवर.

बाथकर

आयडीवरून कळलं असेल कुठे राहतो. (तो विनोद करून झालाय, नवा सुचवा.)

बोगद्यांवरून राहवलं नाही. आमच्या गावात टू टनेल्स म्हणून वाट आहे, १९६६ मध्ये बंद पडलेल्या सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेची, सायकलींना २०१३ मध्ये खुली झाली. त्यातला कूम डाउनचा बोगदा १,६७२ मीटर! मधोमध गेलं की भिंतीतून संगीत वाजतं. सायकलवाला पुढे गेला की आवाज मागे राहतो. पहिल्यांदा माझी पाचावर धारण बसली होती. सासूबाई मात्र त्या अंधारात रामरक्षा म्हणत गेल्या, ते संगीताहून चांगलं घुमलं.

आणि सायकलवाटांची ही सगळी कल्पना आमच्याच शेजारी रुजली. ब्रिस्टल ते बाथ ही १३ मैलांची रेल्वेवाट तिथल्या सायकलवाल्यांनी कुदळफावडी घेऊन १९७९ पासून बांधायला घेतली. सस्ट्रान्स ही संस्था त्यातूनच मोठी झाली आणि १९९५ मध्ये मिळालेल्या लॉटरीच्या पैशातून राष्ट्रीय सायकल जाळं उभं राहू लागलं. मिनूच्या आईंना जो अडसर आणि चौक भेटला तो त्याच घाईचा वारसा असावा. जाळं मोठं दिसावं म्हणून वाहत्या रस्त्यांनाही नंबर दिले गेले. २०२० मध्ये त्यातला जवळपास चौथा हिस्सा त्यांनी स्वतःच यादीतून काढला किंवा वेगळ्या वर्गात टाकला. नकाशावर नंबर दिसला म्हणून वाट ट्रॅफिकमुक्त असेल असं धरू नका. तो तुकडा रस्त्यावरून जातो की रस्त्याबाहेरून, हे आधी तपासा.

खवय्या बाळू

बेकवेलचं पुडिंग आणि बेकवेल टार्ट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं नम्रपणे सांगून खाली बसतो.

शकुंतला एक्स्प्रेस

यवतमाळहून लिहितो आहे. धागा वाचून छान वाटलं आणि पोटात गोळाही आला.

आमची यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, लाडाने शकुंतला, बंद पडली आहे. रूळ गवतात. मागे एका मित्राने उत्साहाने म्हटलं, इंग्लंडसारखी सायकलवाट करू या, पर्यटन वाढेल. गावातले लोक त्याला मारायचे बाकी राहिले. म्हातारी माणसं, भाजीवाल्या बाया, कॉलेजची पोरं त्या गाडीने जायची. आम्हाला सायकलवाट नको, आधी गाडी द्या. ती ब्रॉडगेज व्हावी म्हणून लोक भांडताहेत.

तर प्रश्न असा की तुमच्या त्या वाटांवरच्या गावांना गाडी गेल्याचं दुःख झालं नाही का? तिकडच्या रेल्वेचा अध्यक्ष बीचिंगसाहेब, त्याने मार्ग बंद करायची कुऱ्हाड चालवली तेव्हा लोक गप्प बसले?

बँकर

शकुंतलाबाई/बुवा, आधी एक दुरुस्ती. सगळं खापर बीचिंगवर फोडायची पद्धत आहे, पण त्याचा अहवाल १९६३ चा. ॲशबोर्न-बक्स्टन मार्गाची (म्हणजे टिसिंग्टन ट्रेलची) नेहमीची प्रवासी गाडी १९५४ मध्येच बंद झाली होती. १८९९ मध्ये आली, ५५ वर्षं चालली. मालगाडीसकट मार्ग १९६७ मध्ये संपला आणि १९७१ मध्ये सायकलवाट झाली. मॉन्सलची गाडी १९६८ मध्ये गेली. ती मुख्य लाइन होती, तिचं दुःख अजून ताजं आहे. तिथे पुन्हा रेल्वे सुरू करावी अशी मागणी आहे आणि सायकलवाले व चालणारे त्यावर हवालदिल आहेत.

मॉन्सलच्या वाटेवरचा हेडस्टोनचा पूल बांधल्यावर लेखक जॉन रस्किनने थयथयाट केला होता की बक्स्टनचा कुठलाही मूर्ख आता अर्ध्या तासात बेकवेलला पोचेल आणि त्यासाठी तुम्ही दरी घालवलीत. पुढे तोच पूल वारसा म्हणून जपला. आता त्याच्यावरून गाडी नेऊ म्हटलं तरी लोक म्हणतील दरी घालवलीत.

टपालकन्या

@शकुंतला एक्स्प्रेस, तुमचा प्रश्न आप्पांना फोनवर वाचून दाखवला, कारण हाच प्रश्न त्यांनी पार्स्ली हेच्या बाकावर विचारला होता. फक्त त्यांच्या पद्धतीने. दशमी खात होते, समोर मोटारींचा तळ गच्च भरलेला. म्हणाले, "गाडी बंद झाली तवा हितलं टपाल कशानं यायला लागलं?"

मला उत्तर देता येईना. मग त्यांनीच मोटारी मोजल्या. ६४. प्रत्येकीच्या मागे सायकली टांगायची लोखंडी चौकट. "म्हंजी गाडी गेली म्हनून मोटार घेतली, मोटारीनं रस्ता भरला म्हनून सायकल चालवंना, आन् सायकल चालवायला मोटारीत घालून हितं आणली."

आम्हीही तेच केलं होतं. ॲशबोर्नला आज रेल्वे नाही. डर्बीहून मोटारीने गेलो आणि वाटेत तासभर गर्दीत अडकलो.

मिनूची आई

मग मोटारीशिवाय जायचं कसं? आमच्याकडे एकच गाडी आहे आणि ती शनिवारी नवऱ्याकडे असते.

बँकर

हाय पीकला जाता येईल. डर्बीहून मॅटलॉकची गाडी क्रॉमफर्डला थांबते. तिथून कालव्याच्या काठाने हाय पीक जंक्शन जवळ आहे. पण मग शीप पाश्चरचा चढ पुढ्यात, ८-९ फुटांना १ फूट. मुलं आणि ट्रेलर घेऊन ढकलायची तयारी हवी. वाघिणीचा खड्डा बघायला मिळेल, ही जमेची बाजू.

मॉन्सलसाठी जवळचं स्टेशन बक्स्टन, पण मधला ए-६ रस्ता मुलांना घेऊन जाण्यासारखा नाही.

यॉर्कशायरचा पाटील

मिनूच्या आई, नकाशा घेऊन निघालात तर एक लक्षात ठेवा. शेतातल्या वाटांवर पिवळा बाण असेल तर ती फक्त चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोड्यांची. निळ्यावरून १९६८ च्या कायद्याने सायकलही नेता येते. घोडा दिसला तर घंटी वाजवू नका, लांबूनच तोंडाने हॅलो म्हणा आणि हळू व्हा. घोडा बिचकला तर स्वार पडतो.

टपालकन्या

घंटीवरून आठवलं. आप्पांना सायकलवर बसलं की अंगठा घंटीवर ठेवायची सवय. वळण आलं, टिंग. फाटक आलं, टिंग टिंग. समोरून कुणी चालत आलं तर तीन वेळा, म्हणजे पत्र आहे. तीन वेळा टिंग ऐकलं की समोरची इंग्रज मंडळी बिचारी सॉरी म्हणत कुत्र्यासकट गवतात उतरायची. एक आजीबाई तर उतरून टाळ्या वाजवायला लागल्या. आप्पांनी त्यांना सायकलवरूनच सलाम ठोकला.

मी म्हटलं, आप्पा, इतकी नका वाजवू, लोक बाजूला होतायत. तर म्हणाले, "व्हवूदेत की. रजिस्टर हाय."

निव्वळ वाचक

रजिस्टर हाय!! 😂 फोटोची मागणी मागे घेतो. आप्पांना आयडी काढून द्या.

टपालकन्या

ते ऑक्टोबरमध्ये परत येणार आहेत. मी म्हटलं तेव्हा कुंपणाची काटेरी झुडपं छाटतात आणि काटे रस्त्यावर पडून पंक्चर होतात. तर सध्या तासगावच्या सायकल दुकानातून सोल्यूशन, कानस आणि रबराचे तुकडे गोळा करणं चालू आहे. शिवाय स्वतःची सीट आणणार आहेत, स्प्रिंगवाली. ती विमानात हातातल्या बॅगेत चालेल की सामानात टाकावी लागेल, कुणाला माहीत आहे का?